४२.३४ मीटर: काँग्रेस रेडिओ, घरी बांधलेले संच आणि एका आकड्याचे गणित

१/ ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईतून एक बेकायदा आवाज हवेत गेला. हा काँग्रेस रेडिओ आहे, तो ४२.३४ मीटरवर आणि हिंदुस्थानातील कुठूनतरी बोलत आहे, अशा आशयाची त्याची उद्घोषणा असे. उषा मेहतांचे नाव आपल्याला ठाऊक असते; तो 'कुठूनतरी' हा शब्दही अनेकांना ठाऊक असतो. आजचा धागा त्या उद्घोषणेतील सर्वांत दुर्लक्षित भागाविषयी आहे. तो भाग म्हणजे ४२.३४ हा आकडा. #इतिहासधागा

२/ मी इतिहासाची विद्यार्थिनी. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध दुकानातील हिशेबापुरता उरला होता. हा आकडाही मी अनेकदा वाचला आणि पुढे गेले. एकदा मात्र मनात आले की दस्तऐवजातील एखादा अपरिचित शब्द आपण असा सोडून देत नाही. त्यासाठी कोश उघडतो. मग आकडा का सोडायचा? त्या प्रश्नापायी गेले वर्षभर मी तांब्याची तार गुंडाळते आहे. त्यातून हाती आलेले येथे मांडते.

३/ प्रथम सोपे गणित. रेडिओतरंग प्रकाशाच्या वेगाने जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. एका तरंगाची लांबी ४२.३४ मीटर असेल, तर एका सेकंदात असे किती तरंग निघतात? वेगाला लांबीने भागायचे. उत्तर येते सुमारे ७० लाख ८० हजार, म्हणजेच ७.०८ मेगाहर्ट्झ. 'मीटर' आणि 'मेगाहर्ट्झ' ही एकाच गोष्टीची दोन मापे आहेत. एक वाढले की दुसरे त्याच प्रमाणात घटते.

४/ आता हे ७.०८ कोणाच्या अंगणात पडते ते पाहा. १९२७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रेडिओच्या वारंवारतांची वाटणी केली. त्यात ७.० ते ७.३ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी बिनतारीवाल्यांना मिळाला. जगभरचे हौशी, ज्यांना 'हॅम' म्हणतात, त्याला 'चाळीस मीटरचा पट्टा' म्हणून ओळखतात. म्हणजे काँग्रेसचे गुप्त केंद्र हौशी मंडळींच्या आळीत बोलत होते.

५/ ही आळी हौशींना मिळाली कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने त्यांना २०० मीटर व त्याहून आखूड तरंगांवर ढकलले, कारण दूरच्या दळणवळणाला ते निरुपयोगी समजले जात. हौशींनी तेथेच प्रयोग केले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचा लेओं देलोआ आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संवाद साधला. टाकाऊ ठरवलेली जागा सोन्याची निघाली.

६/ त्याच वर्षी, जून १९२३ मध्ये, बॉम्बे रेडिओ क्लबने मुंबईत प्रक्षेपण सुरू केले. त्याआधी दोन वर्षे, १९२१ मध्ये, अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना हौशी परवाना मिळाला होता. भारतातील पहिले हौशी म्हणून त्यांची नोंद आहे. १९२९ पासून हिंदुस्थानातील हौशींच्या संकेतनावांना 'व्हीयू' हा उपसर्ग लागला. तरी १९३० च्या दशकाच्या मध्यावर परवानाधारक पन्नासांच्या आतच होते आणि त्यांतील बहुसंख्य लष्करातील ब्रिटिश अधिकारी होते.

७/ त्या काळी हौशीपणाचा अर्थ आजच्यापेक्षा वेगळा होता. प्रक्षेपक बव्हंशी घरीच बांधावा लागे. व्हॉल्व विकत आणावे लागत. कॉइल मात्र स्वतः गुंडाळायची, सांगाडा स्वतः ठोकायचा, जोडांना डाख स्वतः द्यायचा. १९२६ मध्ये अमेरिकेतील हौशींच्या संघटनेने यासाठी एक हस्तपुस्तिका काढली आणि ती पुढे वर्षानुवर्षे नव्याने निघत राहिली. अशा पुस्तकांत आराखडे असत आणि आराखड्यांच्या शेजारी सूत्रे असत.

८/ सूत्रे कशासाठी? कारण आराखड्यातला व्हॉल्व तुमच्या गावात मिळेलच असे नसे. आराखड्यातल्या जाडीची तारही मिळेलच असे नसे. जे हाताशी आहे त्यातून ७ मेगाहर्ट्झ कसे काढायचे, हे नक्कल करून जमत नाही. त्यासाठी हिशेब यावा लागतो. हौशी बिनतारीवाल्याची खरी पुंजी त्याच्या फळीवरच्या यंत्रात कमी आणि या हिशेबात जास्त असे. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा फरक लक्षात ठेवा.

९/ १९३९. महायुद्ध सुरू झाले. नवे परवाने बंद झाले आणि हौशींना प्रक्षेपणाची साधने पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी आदेश गेले. १९३३ च्या बिनतारी कायद्यानुसार विनापरवाना यंत्र नुसते बाळगणेही गुन्हाच होता. सरकारच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पण जप्ती होते ती वस्तूंची. सतरा वेढ्यांची कॉइल किती मोठी करायची, हे ज्याला तोंडपाठ आहे त्याच्याकडून ते जमा करून घेण्याची सोय कोणत्याच कायद्यात नव्हती.

१०/ ऑगस्ट १९४२. गवालिया टँकवरील ठराव, मग नेत्यांची धरपकड, मग वृत्तपत्रांची मुस्कटदाबी. विशीतील विद्यार्थिनी उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सहकारी यांनी स्वतःचे रेडिओ केंद्र उभारण्याचा निर्णय घेतला. राममनोहर लोहिया भूमिगत राहून त्यांना साहाय्य करीत होते. जिद्द होती, मजकूर होता, आवाज होता. प्रक्षेपक नव्हता, आणि तो बाजारात मिळण्याची शक्यताही नव्हती.

११/ तो बांधला मुंबईच्या हौशी बिनतारीवाल्यांनी. नरिमन प्रिंटर (संकेतनाव व्हीयू२एफयू) हे नाव त्यात मुख्य आहे. हौशींच्या इतिहासात बॉब तन्ना (व्हीयू२एलके) यांचेही नाव येते. 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवाने काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवीत. पुढे खटल्यात तेही आरोपी झाले. म्हणून ४२.३४ हा आकडा मला उद्घोषणेतला तपशील वाटत नाही. ती कारागिराची सही वाटते. माणसे ज्या पट्ट्यावर हात बसलेला असतो तेथेच यंत्र बांधतात.

१२/ हे म्हणणे नुसते सुचणे पुरेसे नव्हते. ते पडताळायचे होते. म्हणून मी ठरवले की ४२.३४ मीटर 'ऐकणारा' संच स्वतः बांधायचा. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगते: मी बांधला तो केवळ ग्राहक संच, म्हणजे ऐकणारा. परवान्याशिवाय प्रक्षेपक चालवणे आजही गुन्हा आहे. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळाले. तेथून काँग्रेस रेडिओच्या एका ठिकाणापर्यंत, गावदेवीच्या लॅबर्नम रोडवर, सहज चालत जाता येते.

१३/ संचाचे हृदय म्हणजे दोन वस्तू: एक कॉइल आणि एक कंडेन्सर. कंडेन्सर विद्युतभार साठवतो. कॉइल प्रवाहातील बदलाला विरोध करते. दोघांना जोडले की वीज त्यांच्यात झोपाळ्यासारखी येरझारा घालते. झोपाळ्याची लय जशी दोरीच्या लांबीवर ठरते, तशी ही लय कॉइल आणि कंडेन्सर यांच्या मापांवर ठरते. बाहेरून येणाऱ्या हजारो तरंगांतून त्या लयीचा तरंगच येथे जोर धरतो.

१४/ लयीचे सूत्र एकोणिसाव्या शतकातले आहे; विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५३ मध्ये त्याचा पाया घातला. हौशींनी ते वापरायला सोपे करून घेतले. वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये, कॉइल मायक्रोहेन्रीत आणि कंडेन्सर पिकोफॅरडमध्ये मोजा. मग वारंवारतेचा वर्ग, गुणिले कॉइल, गुणिले कंडेन्सर, बरोबर २५,३३०. हा एक आकडा पाठ असला की शाळेतल्या गणितावर रेडिओ बांधता येतो.

१५/ आपल्यासाठी हिशेब करू. ७.०८ चा वर्ग ५०.१. २५,३३० भागिले ५०.१, बरोबर सुमारे ५०५. म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर यांचा गुणाकार ५०५ आला पाहिजे. कॉइल ५ मायक्रोहेन्रीची घेतली तर कंडेन्सर १०१ पिकोफॅरडचा हवा. कॉइल १० ची केली तर कंडेन्सर निम्मा. हेच ते स्वातंत्र्य ज्याविषयी वर लिहिले: मिळेल तो भाग घ्या, दुसरा त्याच्या हिशेबाने बदला.

१६/ सूत्रात वर्ग आहे, याची जाणीव मला उशिरा झाली. माझी समजूत अशी की कंडेन्सर दुप्पट केला की वारंवारता निम्मी होईल. तसे होत नाही. कंडेन्सर दुप्पट केला तर ७.०८ चे ५ होतात; निम्म्यावर, म्हणजे ३.५४ वर, यायला तो चौपट करावा लागतो. शाळेत वर्गमूळ हे मला परीक्षेतील संकट वाटे. येथे ते गँग कंडेन्सरच्या खुंटीला बोट लावून अनुभवता येते.

१७/ आता कॉइल. १९२८ मध्ये हॅरल्ड व्हीलर या अभियंत्याने एकपदरी कॉइलचे सोपे सूत्र दिले. मापे इंचात घ्यायची. त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग. त्याला भागायचे नऊपट त्रिज्या अधिक दहापट लांबी या बेरजेने. उत्तर थेट मायक्रोहेन्रीत येते, तेही सुमारे एका टक्क्याच्या अचूकतेने. घरात फुटपट्टी असली की काम झाले, प्रयोगशाळा नको.

१८/ मी एक इंच व्यासाची नळी घेतली, मोटार वाइंडिंगच्या दुकानातून इनॅमलची तार आणली आणि हिशेबाने १० वेढे दिले. कंडेन्सर १०१ वर ठेवला. एका ट्रान्झिस्टरचा रीजनरेटिव्ह संच होता. एडविन आर्मस्ट्राँगने १९१४ मध्ये पेटंट मिळवलेल्या युक्तीचा हा धाकटा वंशज. रात्री कानाला लावला आणि आवाज आला! पण तो कुणा हौशीचा नव्हता. परदेशी केंद्राच्या बातम्या चालल्या होत्या, खणखणीत.

१९/ मैत्रिणीच्या आकडे दाखवणाऱ्या रेडिओवर तोच कार्यक्रम शोधला. सापडला १२ मेगाहर्ट्झच्या आसपास. मी निघाले होते चाळीस मीटरला आणि पोहोचले होते पंचवीस मीटरला. दोन दिवस जोड तपासले, ट्रान्झिस्टर बदलला, तार बदलली. मग वहीतला हिशेब पुन्हा वाचला. व्हीलरच्या सूत्रात त्रिज्या घालायची होती. मी व्यास घातला होता. अर्ध्या इंचाच्या जागी एक इंच.

२०/ चूक सुधारून पाहा. त्रिज्या अर्धा इंच, लांबी एक इंच, वेढे १०: कॉइल ५ ची नाही, १.७२ मायक्रोहेन्रीची होते. १०१ पिकोफॅरडसोबत तिची लय १२.०६ मेगाहर्ट्झ. म्हणजे संचाने मला चुकीचे उत्तर दिलेच नव्हते. माझ्या चुकीच्या प्रश्नाचे अगदी अचूक उत्तर दिले होते. वेढे १७ केले, कॉइल ४.९८ झाली. त्या रात्री कुणीतरी दुसऱ्या कुणालातरी आपल्याकडील हवामान सांगत होते. हौशींची आळी सापडली.

२१/ आणि येथेच माझ्या विषयातला एक प्रश्न समोर आला. उद्घोषणेत ४२.३४ मीटर आहे. हौशी रेडिओच्या इतिहासांत मात्र केंद्राची वारंवारता ७.१२ मेगाहर्ट्झ दिलेली आढळते. या दोन्ही नोंदी निवांतपणे शेजारीशेजारी छापल्या जातात. आता आपल्याला भागाकार येतो. ७.१२ मेगाहर्ट्झ म्हणजे ४२.११ मीटर. ४२.३४ म्हणजे ७.०८. आकडे जुळत नाहीत. तफावत ४० किलोहर्ट्झची आहे.

२२/ ही तफावत मोठी की लहान? दोन्ही बाजूंनी पाहू. बोललेल्या आवाजाला तेव्हा सुमारे १० किलोहर्ट्झची जागा लागे. त्या मानाने ४० म्हणजे चार घरे पलीकडे. पण ऐकणाऱ्याच्या रेडिओवर लघुलहरींचा एक पट्टा ६ ते १८ मेगाहर्ट्झ असा पसरलेला असे. सहा इंचांच्या तबकडीवर ४० किलोहर्ट्झ म्हणजे सरासरी अर्धा मिलिमीटर, फार तर काट्याची जाडी. श्रोता कोणताही आकडा धरून निघाला तरी हाताने शोधत त्याच जागी पोहोचला असता.

२३/ माझ्या संचाच्या भाषेत सांगायचे तर ७.०८ आणि ७.१२ यांत कंडेन्सरचा फरक फक्त १.१ पिकोफॅरडचा आहे. उघड्या कॉइलजवळ तळहात नेला तरी जवळपास एवढा फरक पडतो. शिट्टीचा स्वर डोळ्यांदेखत, नव्हे कानांदेखत, बदलतो. मग मी कोणता आकडा मानते? उद्घोषणेतला. तो केंद्र चालवणारे स्वतः श्रोत्यांना सांगत होते. सुरुवातीच्या तारखेबाबतही असाच मतभेद आहे: कोठे २७ ऑगस्ट, कोठे २ सप्टेंबर. तारखा आपण तपासतो. आकडेही तपासावेत, एवढेच म्हणणे.

२४/ गणिताने आणखी एक दार उघडले. केंद्र आरंभी दिवसातून दोनदा बोले, पुढे फक्त सायंकाळी, साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. ७ मेगाहर्ट्झचे तरंग दिवसा वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांपैकी सर्वांत खालच्या थरात बरेच शोषले जातात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि तेच तरंग अधिक वरच्या थरावरून परतून शेकडो मैल दूर उतरतात. सायंकाळ ही लोक घरी असण्याची वेळ होतीच. त्या पट्ट्यासाठी ती हवेचीही अनुकूल वेळ होती.

२५/ ते तरंग काय घेऊन जात होते? चितगावावरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील घडामोडी. आणि आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूर. १६ ऑगस्टला तेथे जे घडले आणि त्यानंतर चिमूरच्या लोकांवर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार झाले, त्यांचे सविस्तर वर्णन या केंद्राने दिल्याचे उषाताईंनी पुढे सांगितले. वृत्तपत्रांवर बंधने असताना चिमूरची हकिगत सतरा-अठरा वेढ्यांच्या तारेतून देशभर जाऊ शकत होती. माझ्यासाठी हे गणित येथे कोरडे राहिले नाही.

२६/ पण गणित कोणा एकाचे नसते. ते पोलिसांनाही येत होते. वेटोळ्याचा अँटेना फिरवला की एका दिशेला आवाज बुडतो. त्यावरून प्रक्षेपकाची दिशा कळते. दोन ठिकाणांहून दोन रेषा काढल्या की त्या छेदतात तेथे केंद्र. कोनात दोन अंशांची चूक झाली तर एक किलोमीटरवर ती ३५ मीटर होते आणि दहा किलोमीटरवर ३५०. म्हणजे लांबून फक्त पेठ कळेल; इमारत गाठायला जवळ यावे लागेल, आणि जवळ यायला वेळ लागतो.

२७/ म्हणून प्रक्षेपण थोडा वेळ आणि जागा सतत बदलती. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, गिरगावातील पारेखवाडी, महालक्ष्मीजवळील पॅराडाइज बंगला. दर वेळी सामान बांधा, न्या, उलगडा. या वारंवारतेचा अर्धतरंगी अँटेना म्हणजे सुमारे २० मीटरची तार. आखूड तार लावली तर कॉइलने भरपाई करून सारे पुन्हा जुळवावे लागते. जागा बदलणे हे वाक्य आपण एका दमात वाचतो. त्यात दर वेळी नवे जुळवणे होते.

२८/ अखेर केंद्र पकडले गेले ते आपल्याच माणसाकडून. प्रिंटर आधी पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांनी ठावठिकाणा दाखवला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रक्षेपण चालू असतानाच पोलीस आत शिरले. १९४३ मध्ये विशेष न्यायालयाने बाबूभाई खाकरांना पाच, उषा मेहतांना चार आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने निर्दोष सुटले. उषाताई १९४६ मध्ये बाहेर आल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

२९/ प्रिंटर यांच्याविषयी काय लिहावे, यावर मी बराच काळ अडखळले. फितुरी ही फितुरीच. तिच्यामुळे सहकाऱ्यांची वर्षे तुरुंगात गेली. परंतु फितूर हा एकच शब्द लिहून त्यांना इतिहासातून बाहेर काढले, तर त्यांच्यासोबत यंत्रही बाहेर जाते. मग आवाज हवेत आपोआप गेला, असेच वाटू लागते. तो आवाज ज्या हातांनी हवेत पोहोचवला, त्याच हातांनी तो थांबवला. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही लिहावी लागतात. चळवळीच्या इतिहासात आपण वक्ते मोजतो. छापखान्यातले जुळारी, तारयंत्रावरचे लोक आणि डाख देणारे हात क्वचितच मोजतो.

३०/ ही विद्या आज कोठे आहे? जिवंत आहे. हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी या शतकाच्या आरंभी 'बिटएक्स' नावाचा संच रचला. सहज मिळणाऱ्या भागांतून तो बांधता यावा, ही त्यामागची कल्पना. कॉइलसाठी लागणारी खास कडी येथे मिळणे कठीण, म्हणून मूळ आराखड्यात नळाच्या वॉशरवर तार गुंडाळली होती. जगभरच्या हौशींनी तो बांधला. पुढे त्याची ७ मेगाहर्ट्झची आवृत्तीही आली. जे मिळेल त्यातून, हिशेबाच्या बळावर: जुनीच रीत.

३१/ तुम्हाला करून पाहायचे असेल तर क्रम असा ठेवा. प्रथम २५,३३० चा हिशेब कागदावर चार-पाच वेळा करा. मग एक कॉइल गुंडाळा, आणि त्रिज्या म्हणजे व्यास नव्हे हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग ऐकणारा संच. बोलण्याची ओढ लागली तर केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातर्फे होणारी हौशी परवान्याची परीक्षा द्या. तिच्या अभ्यासक्रमात हीच सूत्रे आहेत. मीही सध्या तिचाच अभ्यास करते आहे.

३२/ आणि रेडिओ बांधायचा नसेल तर निदान एवढे करा: दस्तऐवजात मीटर, मैल, तोळे, पायली किंवा रुपये-आणे-पै असे काही दिसले की पुढे जाण्यापूर्वी एकदा हिशेब मांडून पाहा. मी ४२.३४ ला भागले नसते तर हौशींची आळी, १९३९ ची जप्ती आणि नरिमन प्रिंटर हे तिघेही माझ्या नजरेतून सुटले असते. तुमच्या अभ्यासात असा एखादा अडलेला आकडा असेल तर खाली नक्की लिहा, मिळून सोडवू.